पिल्लू न्या, गोधडी फुकट

बायकोच्या चिंध्यांच्या टोपलीत भटक्या मांजरीने तीन पिल्लं घातली आणि ती कायमची पसार झाली. बायकोने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून ती जगवली. पिल्लं घरभर पळायला लागली तसा घरमालक दारात उभा राहिला. "महिनाअखेरपर्यंत हलवा, नाहीतर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येईन."

पिल्लांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. बायकोच्या गोधड्यांवर मात्र अख्ख्या इमारतीचा डोळा! मग मी डोकं चालवलं आणि जिन्यात पाटी लावली, 'पिल्लू न्या, गोधडी फुकट.'

"अहो, तुमच्या उचापतींपायी माझ्या बोटांची चाळण झाली!" असं करवादत बायकोने तीन गोधड्या शिवल्या. बघता बघता तिन्ही पिल्लं खपली. मी घरात शीळ घालत फिरलो. ती मात्र रिकाम्या टोपलीकडे बघून हळूच डोळे पुसत म्हणाली, "असू दे, जीव तर वाचले."

महिनाअखेरीला घरमालक खरंच पोतं घेऊन आला. मी ऐटीत त्याला घरभर फिरवलं, पलंगाखालीसुद्धा वाकायला लावलं. बिचारा पोत्याची घडी घालून निघाला, तेवढ्यात शेजारच्या वहिनी पिल्लू घेऊन दारात आल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी, त्यांच्याही हातात एकेक पिल्लू.



"भावजी, हे तुमचं तुमच्याकडेच ठेवा बाई. एवढ्या सुंदर गोधडीवर मेलं केस पाडतं!"