राजाची उत्तरं

जत्रेच्या नाटकात नायक सरपंचानंच व्हायचं, असा गावाचा रिवाज. त्यामुळे भिसे गुरुजींनी पोटतिडकीनं लिहिलेला बंडखोर आपसूक सरपंच हणमंतरावांच्या वाट्याला गेला. विहिरीला कुलूप घालणारा जुलमी राजा झाला पोस्टमन.

"गुरुजी, हा राजा लई बोलतोय," तालमीत हणमंतराव कुरकुरले. "माझ्या डायलॉगला टाळ्या पडायच्या, तर हा मधेच उत्तर देतोय. उडवा त्याची वाक्यं."

गुरुजींनी उडवली. साहित्यानं क्रांती होते यावर त्यांचा विश्वास होता. सरपंच मास्तरांची बदली करवतात यावर अधिक.

प्रयोगात हणमंतराव गरजले, "पाणी रयतेचं, कुलूप तुझं! टाक किल्ली!" राजानं मुकाट्यानं किल्ली टाकली. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या घागरी घेऊन अख्खी खालची आळी सरपंचांच्या दारात. गावच्या टाकीच्या व्हॉल्व्हला हणमंतरावांचं कुलूप होतं आणि पाणी त्यांच्या उसाला चाललं होतं, हे काही आजचं नव्हतं. आजचं एवढंच, की पुढं उभ्या कौसाबाईला वाक्य पाठ होतं.

"पाणी रयतेचं, कुलूप तुझं! टाक किल्ली!"

हणमंतरावांनी तोंड उघडलं. तालमीत वाक्य विसरलं की जायची, तशी त्यांची नजर गर्दीतल्या गुरुजींकडे गेली.

गुरुजी विंगेतून सांगावं तसं हळूच म्हणाले, "इथं राजाला वाक्य नाही, साहेब. तुम्हीच उडवायला लावलंत. इथं तो नुसती किल्ली टाकतो."