राजवीरचा खुराक

तव्यावर सॉसेज टाकताना विजयसिंह हात आखडता घेत नसे. सहा सॉसेज, सलामीच्या चार चकत्या, वर मीठ-मसाला. दुकानाच्या मागच्या शेगडीवर तो हे स्वतः परतायचा आणि सकाळी सातला डबा तालमीत राजवीरच्या हातात द्यायचा. हंगाम सुरू झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता.

कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघही चालवणाऱ्या या तालमीची एक रीत होती. फुटबॉल संघातल्या खेळाडूचा खुराक पेठेतलं एखादं घर उचलायचं. उचलणाऱ्याचा तो मान, आणि खेळाडूनं नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. यंदा राजवीरचा खुराक विजयसिंहनं उचलला तेव्हा साऱ्या शिवाजी पेठेनं त्याची पाठ थोपटली. फ्रोझन मालाचं दुकान आहे, मनही मोठं आहे, असं लोक म्हणाले. मन केवढं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

राजवीर कोडोलीचा, एकवीस वर्षांचा, संघाचा सेंटर फॉरवर्ड. एके काळी त्या जागी विजयसिंह खेळायचा. एका हंगामात सव्वीस गोल हा त्याचा विक्रम एकोणीस वर्षं कुणी मोडला नव्हता. राजवीरचे जानेवारीतच अकरा झाले.

पण नुसत्या गोलांपायी माणूस एवढा जळत नाही. विजयसिंहचे वडील सयाजी, पेठेचे आबा, जुने पैलवान. मुलानं सव्वीस गोल केले त्या हंगामात ते एकदाही मैदानावर फिरकले नाहीत. चेंडूमागं पळायला काय ताकद लागती, म्हणायचे. आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयाचं दुखणं घेऊन, अळणी आंबील अर्धी तशीच ठेवून ते रोज सकाळी काठी टेकत तालमीत जाऊन बसायचे. राजवीरला बघायला.

"काय पोरगं हाय," घरी येऊन म्हणायचे. "पाय बघावं तर त्याचं."

असं एक वाक्य आपल्यासाठी ऐकायला विजयसिंहनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. त्याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग फोनवरच्या एका व्हिडिओत त्यानं कुणा डॉक्टरांचं बोलणं ऐकलं. असलं पाकिटातलं खारवलेलं मांस कधीमधी ठीक, पण रोज न्याहारीला खाल्लं की अंगात मीठ फार जातं, रक्तदाब चढतो, पुढं आतड्याच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं तर विजयसिंह हे सांगत नसे. पण ऐकून त्याला हलकं वाटलं. गुळानं मरतो त्याला विष कशाला? राजवीर मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. नुसता दमावा, जड व्हावा, सत्ताविसावा गोल होऊ नये, एवढंच.

"काका, रोज कशाला तरास?" राजवीर पहिल्याच दिवशी संकोचून म्हणाला होता. "मला एक सांगायचं हुतं..."

"गप खा. प्रोटीन हाय."

पुढचं ऐकायला विजयसिंह थांबला नाही. त्या पोराला मिटक्या मारत खाताना बघणं त्याला झेपलं नसतं. संध्याकाळी डबा रिकामा होऊन, घासूनपुसून दुकानात परत यायचा.

फेब्रुवारीत राजवीर तापानं पडला, एक सामना हुकला. विजयसिंहनं त्या आठवड्यात दोन सॉसेज वाढवले. पोरगा उठला आणि पुढच्याच सामन्यात तीन गोल करून आला. वर दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध दोन-दोन ग्लास ढोसताना दिसायचा. याला काही होतच नाही, या विचारानं विजयसिंहच वाळत चालला.

त्यातच आबांचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग वाढवल्या.

"मीठ बंद आहे ना?" त्यांनी संयोगिताला, विजयसिंहच्या बायकोला, विचारलं.

"चिमूटभरसुद्धा देत न्हाय, साहेब."

घरी आल्यावर विजयसिंह तिच्यावर घसरला. "माझ्या बापाला मारतीस काय?" दुसऱ्या दिवसापासून तिनं मिठाची बरणी कुलपात ठेवली. तरी सूज उतरली नाही.

एप्रिलमध्ये राजवीरचे सव्वीस झाले. रविवारी फायनल. शनिवारी सकाळी विजयसिंहनं नेहमीसारखा डबा पोचवला आणि दुकानाचं शटर उघडतोय तोच संयोगिताचा फोन आला. आबांना श्वास लागला होता.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. फुप्फुसात पाणी भरलंय, म्हणाले, चोवीस तास काही सांगता येत नाही. "रोज कुठून तरी भरपूर मीठ जात होतं यांच्या पोटात."

विजयसिंहनं बायकोकडं असं बघितलं की ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

तेवढ्यात तालमीत बातमी कळून राजवीर जिन्यावरून धावत आला. हातात डबा होता.

"काका, कसं हाईत आबा?"

"तू कशाला आलास? उद्या फायनल हाय."

राजवीर खाली मान घालून उभा राहिला. "रागावू नगा. आईचा नवस हाय, हंगाम संपंस्तवर मी मांस शिवत न्हाय. तुमी एवढ्या मानानं खुराक उचलला, परत कसा करायचा? आबांस्नी इचारलं, तर म्हणाले, आण हिकडं, आनि घरात बोलू नगंस. पयल्या दिवसापास्नं हा डबा त्येच खात्यात. आज आले न्हाईत, म्हणून घिऊन आलो."

संयोगितानं मान वर केली. विजयसिंहनं मात्र तिच्याकडं बघितलं नाही.

"तुमचं लई कौतुक करत्यात, काका," डबा पुढं करत राजवीर म्हणाला. "म्हणत्यात, माझ्या विजूच्या हातचं हाय, ह्यातला एक तुकडा टाकायचा न्हाय."