केया कुठे असते

अर्विंगहून दहा तास ड्राइव्ह करून आम्ही सांता फे बघायला गेलो. तिथल्या म्युझियममध्ये मडकी दाखवणारी गाइड निघाली आमच्या शेजारच्या सुवर्णावहिनींची केया! "आमची केया बेलव्ह्यूला असते, एआयमध्ये," असं वहिनी दोन वर्षं अख्ख्या अर्विंगला ऐकवत होत्या. इथे मात्र एका जुन्या मडक्यावरचा कुंभारणीच्या अंगठ्याचा ठसा दाखवताना पोरीचा चेहरा नुसता उजळला होता.

टूर संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "घाबरू नकोस. तुझ्या आईला मी काही बोलणार नाही."

"शी नोज, काका. गेल्याच महिन्यात येऊन गेली."



मग केयाच हळूच म्हणाली, "फक्त एक करा, तुम्हाला कळलंय हे तिला कळू देऊ नका. प्लीज."