नकाशातलं दार

रान साफ करून गावातलं पहिलं शेतघर मोरेश्वरकाकांच्या पणजोबांनी बांधलं होतं. ते पूर्ववत करायला आलेल्या वास्तुविशारद केतकीने मूळ नकाशा उलगडला.

"काका, या भिंतीत दार दाखवलंय."

"चुकलं असेल," मोरेश्वरकाका पुटपुटले. वाटणीच्या भांडणात त्यांनीच ते विटांनी बुजवलं होतं. पलीकडे धाकटा भाऊ राहायचा, पण बावीस वर्षं बोलणं बंद होतं.

"घर नकाशाबरहुकूमच हवं, हे तुमचंच म्हणणं."

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. गवंड्याने विटा काढल्या. धूळ बसली, तेव्हा पलीकडे धाकटा बशीतला चहा झाकून बसलेला दिसला.

"दादा, यायचंच होतं तर सरळ यायचं. भिंत कशाला फोडलीस?"

"दार आहे ते, गाढवा!" म्हणत काका वाकून आत शिरले आणि त्याची बशी उचलून चहा पिऊन मोकळे झाले.