मडक्याखाली

गळ्याइतक्या पाण्यात गेनबा भोई डोक्यावर मडकं पालथं घालून उभा होता. मडक्याला डोळ्यांपुरती भोकं होती. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. महिनाभर तळ्यात रिकामी मडकी तरंगत ठेवली, की बदकं त्यांना भीत नसत. मग एखाद्या मडक्याखालचा माणूस हळूच पाय धरून बदक पाण्यात ओढी.

होळी झाली होती. उद्या-परवा थवे निघून जाणार होते, आणि आज जावई जेवायला यायचा होता. "एक तरी आणा बरं का," असं बजावून त्याची बायको सारजा काठावर बसली होती.

एक बदक पोहत जवळ आलं. गेनबानं पाण्याखालून हात पुढं केला, तोच ते फडफडलं आणि थेट मडक्यावर चढून बसलं. त्यानं पिसं साफ केली, चोच पंखात खुपसली आणि ते चक्क झोपलं.

गेनबाची मान अवघडली, पण तो हलला नाही. ऊन चढल्यावर थवा उडाला, तेव्हा तेही गेलं.

"आवं, डोक्यावर बसलेलं पाखरू सोडलं व्हय?" सारजा कडाडली.

पोटभर जेवल्यासारखा हसत गेनबानं मडकं उतरवलं. "मला मडकं समजून बसलं हुतं गं ते. मडक्याला कुठं हात असत्यात?"