चष्मा तेवढा आणा

काकांचं हृदय बंद पडलं होतं आणि काकू सारख्या मध्ये येत होत्या. "काकू, काकांचा चष्मा तेवढा आणा, हॉस्पिटलमध्ये लागेल," अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेली पॅरामेडिक म्हणाली. घरच्यांना काहीतरी आणायला पिटाळलं की हात मोकळे राहतात, ही तिची नेहमीची युक्ती. काकू आत धावल्या. मशीनच्या दुसऱ्या शॉकला काकांचं हृदय सुरू झालं. त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. "ही कुठंय?" त्यांनी विचारलं. "काकू, राहू द्या चष्मा! लवकर या!" ती ओरडली. "आले, आले! सापडत नाहीये!" तेवढ्यात हृदय पुन्हा थांबलं. ती कितीतरी वेळ छाती दाबत राहिली. आत कपाटं उघडत-मिटत राहिली. शेवटी तिने छातीवरचे हात काढले. काकू धापा टाकत आल्या. "टीव्हीमागे होता! याच्याशिवाय त्यांना मीसुद्धा दिसत नाही." ती बाजूला सरकली. काकूंनी काकांना चष्मा घातला आणि नीट दिसतील अशा समोर उभ्या राहिल्या.