पळसपानांखालचे पाच

संध्याकाळच्या कीर्तनासाठी माळकरी उमाजी ओट्यावर टाळ पुसत बसला होता, तेवढ्यात शेजारची सोमारीबाई पळसपानांनी झाकलेली टोपली घेऊन आली. त्याच्या धानाभोवतीच्या करंटच्या तारेला पहाटे रानडुकरीण चिकटून मेली होती. गावानं तिचे घरोघरी वाटेही केले. “मटन नको बाई, गळ्यात माळ हाये.” “मटन नाई भाऊ, पाहा त.” त्यानं पान उचललं. आत पोटातून काढलेली पाच पिल्लं होती, डोळे मिटलेली. “पोटातल्याचा वाटा आमी करत नाई. ज्यानं मारलं, त्यानंच पुरावं लागते.” “मले काऊन सांगता? करंटनं मारलं!” “आमी मारतो त खातो. तुमी नुसतंच मारता भाऊ.” उमाजीनं बांधावर हातांनीच खड्डा उकरला. एकेक पिल्लू आत ठेवायला वाकला की माळ त्याला लागायची. कीर्तनात बुवांनी त्याला टाळ घेऊन पुढं बोलावलं. तो नखांतली माती काढत चपलांजवळच बसून राहिला.